मुलाम्याच्या पाण्यातील धातू

सोनाराच्या दुकानातील केर उकिरड्यावर जात नाही. कानशीचा कीस, भट्टीची राख, झाडून काढलेली धूळ हे सारे जपून ठेवले जाते आणि झारेकरी ते धुऊन त्यातून सोन्याचे कण वेगळे काढतो. मुलाम्याच्या कारखान्यांतही असेच काम करावे लागते. भेद इतकाच की, येथे धातू डोळ्यांस दिसत नाही. तो पाण्यात विरघळलेला असतो.

ज्या वस्तूस मुलामा द्यावयाचा, ती धातूच्या क्षाराच्या द्रावणात ऋणाग्राशी जोडून टांगतात. वीज वाहू लागली म्हणजे द्रावणातील धातू पातळ थराच्या रूपाने तिच्यावर बसतो. सायकलीच्या हँडलाची झळाळी आणि नकली दागिन्यांचे सोनेरी पाणी याच क्रियेने लाभते. मग ती वस्तू स्वच्छ पाण्यात विसळतात. तिच्या अंगास लागलेले द्रावण त्या पाण्यात उतरते, आणि ते पाणी गटारात सोडले की धातूही त्याबरोबर जातो.

तो परत मिळविण्याचे मुख्य मार्ग आपण पाहू. पहिला विजेचाच. फॅरडे यांनी १८३४ साली प्रसिद्ध केलेल्या नियमांनुसार, एक अँपिअर प्रवाह तासभर वाहिला आणि तो सर्व कारणी लागला, तर सुमारे ४ ग्रॅम चांदी ऋणाग्रावर जमा होते. दुसरा मार्ग जस्ताच्या भुकटीचा. सायनाइडच्या द्रावणात जस्त स्वतः विरघळते आणि सोन्यास बाहेर ढकलते. हिशेबाने ६५ ग्रॅम जस्त ३९४ ग्रॅम सोने मोकळे करते. प्रत्यक्षात जस्त अधिक लागते. धातूचा अंश फारच थोडा असेल, तर कृत्रिम राळेच्या मण्यांतून पाणी गाळतात. मणी धातूचे आयन धरून ठेवतात आणि पुढे थोड्याशा द्रावणाने धुतले असता ते सोडून देतात.

सोन्याचांदीसाठी हा खटाटोप कारखानदार आपण होऊन करतो, कारण त्यात लाभ आहे. निकेल व क्रोमियम यांचे मोल तेवढे नाही. अपाय मात्र मोठा आहे. पिण्याच्या पाण्यात दर लिटरला ०.०५ मिलिग्रॅमहून अधिक क्रोमियम असू नये, असे भारतीय मानक सांगते. मुलाम्याचे षट्संयुजी क्रोमियम विशेष विषारी असते. प्रथम त्याचे त्रिसंयुजी रूप करून मग चुन्याने ते साक्याच्या रूपाने खाली बसवावे लागते. जलप्रदूषण रोखणारा कायदा आपल्या देशात १९७४ साली झाला तो अशाच पाण्यासाठी. याहून सोपा उपाय म्हणजे वस्तू टाकीवरच नीट निथळू देणे आणि पहिल्या विसळणीचे पाणी पुन्हा त्याच टाकीत वापरणे.

विद्यार्थी मित्रहो, हे प्रयोग घरी मुळीच करू नयेत. सायनाइडच्या द्रावणात आम्ल पडले, तर प्राणघातक वायू निघतो. आम्हांस सांगावयाचे ते एवढेच: सोने वाचविण्यास लोभ पुरतो, पण शेजारच्या गावाची विहीर वाचविण्यास कर्तव्यबुद्धी लागते. तुमच्यापैकी जे उद्या कारखाने चालवतील, त्यांनी त्या विहिरीचाही हिशेब आपल्या वहीत मांडावा.