कळसूबाईचा जिना

गर्दी टाळून आडवारी, पहाटेच बारी गावातून कळसूबाईला निघालात, तर वाटेवर आपल्याच धापेचा तेवढा आवाज. १६४६ मीटर उंचीचं हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. चढ मात्र सलग नाही. छातीवरची चढण, मग जरा सपाटी, पुन्हा चढण. आणि कातळ अगदीच उभा ठाकला की लोखंडी शिडी.

हा क्रम खडकातच आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथल्या जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर पडला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. प्रत्येक लोंढा थिजत असताना त्यातले वायूचे बुडबुडे वर सरकले आणि माथ्याशी अडकले. तो भाग सच्छिद्र, लवकर झिजणारा झाला. मधला गाभा सावकाश निवला, त्याचा घट्ट बेसॉल्ट बनला. ऊनपावसाने सच्छिद्र थर खाल्ला, तिथे सपाटी आली. गाभा तग धरून राहिला, तो कडा. शिड्या लागतात त्या बहुधा अशा गाभ्यापाशीच. लोक नेमके तिथे सेल्फी काढतात आणि कातळाकडे पाठ करतात!

कातळ जवळून पाहावा. सच्छिद्र थरात पांढरे ठिपके दिसतात. लाव्हा थंड झाल्यावर पोकळ्यांतून पाणी खेळलं आणि त्यांत झिओलाइट, कॅल्साइट अशी खनिजं साचली. सह्याद्रीत दोन लोंढ्यांच्या मध्ये कधी तांबडा, मातकट पट्टाही लागतो. पुढचा लोंढा यायला उशीर झाला, तेवढ्यात आधीच्या खडकाचा माथा कुजून माती झाला, असा त्याचा एक अर्थ. त्या मातीतून पाणी सहज खाली मुरत नाही. वरच्या कड्याच्या भेगांतून उतरलेलं पाणी तिथे अडतं आणि बाजूने पाझरतं. पाऊस सरल्यावरही एखाद्या कड्याच्या पोटाशी ओल टिकते, ती बऱ्याचदा यामुळे.

माथ्यावर देवीचं छोटंसं देऊळ आहे. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, त्यामुळे घामेजल्या पाठीला वारा चांगलाच झोंबतो. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग. त्यांच्या कड्यांवरचे आडवे पट्टे दऱ्या ओलांडून एकमेकांशी जुळवून पाहा. हे डोंगर वेगवेगळे वर आलेले नाहीत. सलग थर होते, पाण्याने मधला भाग कोरून नेला.

खरी गंमत पुढे आहे. सह्याद्रीतल्या लाव्हाच्या थरांचे भूवैज्ञानिकांनी तीन गट पाडले, त्यांतल्या सर्वांत खालच्या, म्हणजे सर्वांत जुन्या गटाला कळसूबाईचं नाव आहे. महाबळेश्वरचं पठार कळसूबाईहून दोनशे मीटरनी बुटकं, तरी तिथला लाव्हा सर्वांत वरच्या, वाई गटातला. कारण हे थर दक्षिणेकडे किंचित कलले आहेत. कल एक अंशाहूनही कमी, चालताना जाणवणार नाही इतका. पण शेकडो किलोमीटरच्या अंतरात तो पुरेसा ठरतो. उत्तरेकडे जुने थर उंचावर उघडे पडले आणि नवे दक्षिणेकडे शिल्लक राहिले.

उतरताना मांड्या भरून येतात. स्नायूंना ताणल्या अवस्थेत भार सावरावा लागतो, म्हणून दुसऱ्या दिवशीची दुखणी चढण्यापेक्षा उतरण्याचीच जास्त.