पार्क स्टेडियम : आत मैदान, बाहेर बाजार

कागदोपत्री नाव इंदिरा गांधी स्टेडियम. पण सोलापुरात रिक्षात बसून नुसतं 'पार्क' म्हणावं, रिक्षावाला बरोबर आणून सोडतो. पलीकडे भुईकोट किल्ला, सिद्धेश्वराचं देऊळ आणि तलाव, जवळच होम मैदान आणि हुतात्मा स्मृती मंदिर. गावाचा देव, इतिहास, नाटक आणि क्रिकेट चालत फिरता येईल एवढ्या टापूत एकत्र आलेली शहरं महाराष्ट्रात फार नाहीत.

स्टेडियमला बाहेरून चक्कर मारली तर क्रिकेटची खूण आधी दिसतच नाही. दिसतात ती शटरं. गॅलरीच्या पोटात दुकानांचे गाळे आहेत आणि संध्याकाळी या भागात चौपाटीच्या गाड्या लागतात. भेळ, पावभाजी खाणाऱ्यांतल्या कितीजणांना भिंतीपलीकडे खेळपट्टी आहे याची आठवण असते, कोण जाणे. आतलं मैदान मोसमाप्रमाणे जागं होतं, बाहेरचा बाजार मात्र बारमाही. महापालिकेच्या मालकीच्या स्टेडियमचं गणित अनेक गावांत असंच असतं: तिकिटावर नव्हे, भाड्यावर. त्यामुळे गाळ्यांचं भाडं आणि करार हा विषय सभागृहात जितका गाजतो, तितकी आतल्या हिरवळीची चर्चा होत नाही.

सोलापूरचं नाव स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांच्या यादीत जानेवारी 2016 मध्ये आलं, आणि या मैदानाचं नशीब पालटलं. हिरवळ, खेळपट्ट्या, सुविधा नव्याने झाल्या. तीन दशकांच्या आसपासच्या खंडानंतर, जानेवारी 2024 मध्ये महाराष्ट्र–मणिपूर लढतीच्या निमित्ताने इथे पुन्हा रणजी सामना झाला. सिद्धेश्वराची गड्डा यात्रा आठवड्यावर आलेली, तेव्हा पार्काचा परिसर आधीच गजबजलेला. पुढच्याच महिन्यात गतविजेता सौराष्ट्र आला आणि कमी धावांच्या, चुरशीच्या सामन्यात महाराष्ट्राला 48 धावांनी हरवून गेला. निकाल मनाविरुद्ध लागला, तरी चेतेश्वर पुजारासारखा कसोटीपटू आपल्या मैदानावर खेळताना पाहायला मिळणं ही शाळकरी पोरांसाठी मोठीच गोष्ट होती.

पण स्टेडियमने शहराला काय दिलं, हे अशा चार-आठ दिवसांवरून ठरत नाही. उरलेल्या साडेतीनशे दिवसांवरून ठरतं.

मॉन्ट्रियलचं उदाहरण जगभर दिलं जातं. 1976 च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या स्टेडियमचं कर्ज तिथे 2006 साली, म्हणजे तीस वर्षांनी फिटलं, तेही तंबाखूवरच्या कराचा आधार घेऊन. तितकं लांब कशाला, मुंबईत बघा. 1937 पासून उभ्या असलेल्या ब्रेबॉर्नपासून किलोमीटरभरही दूर न जाता वानखेडे बांधलं गेलं, कारण क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांचं सामन्यांच्या जागा वाटून घेण्यावरून बिनसलं. जानेवारी 1975 मध्ये तिथे पहिली कसोटी झाली. शहराला दुसऱ्या स्टेडियमची गरज होती का, हा प्रश्न त्या भांडणात मागेच पडला.

पुण्याने वेगळी वाट धरली. स्वारगेटजवळचं नेहरू स्टेडियम महापालिकेचं. केनियाने 1996 च्या विश्वचषकात वेस्ट इंडिजला हरवलं ते इथेच. 2012 मध्ये गहुंजेचं भव्य स्टेडियम सुरू झालं आणि मोठं क्रिकेट द्रुतगती मार्गालगत गेलं. प्रेक्षागृह उत्तम, पण शहरापासून लांब. सामना संपला की माणसं गाडीकडे धावतात. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभी राहिलेली बालेवाडीची क्रीडानगरी तिथल्या वाढीचं श्रेय घेते, पण हिंजवडीच्या आयटी कंपन्यांचा त्यात वाटा जास्त मानायला हवा. याउलट कोल्हापूरचं शाहू स्टेडियम. तिथे गर्दी खेचायला बाहेरून कोणी यावं लागत नाही. फुटबॉलमध्ये पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की पेठांचा सगळा जीव मैदानावर गोळा होतो. शहराचं स्टेडियम असावं तर असं, असं म्हणावंसं वाटतं.

सोलापूरपुढे आणखी एक प्रश्न आहे, जो मॉन्ट्रियलला कधी पडला नाही: पाणी. ज्या गावात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येण्याची सवय लोकांना लावून घ्यावी लागली, तिथे हिरवळ ही साधी गोष्ट नाही. 2016 च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर नेण्याचा आदेश दिला होता. त्याच सुमारास मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे धावत होती. गंमत म्हणजे सोलापूरच्या स्मार्ट सिटी योजनेत स्टेडियमही होतं आणि उजनीहून येणारी सुमारे 110 किलोमीटरची समांतर जलवाहिनीही. अगोदर चमकलं ते स्टेडियम.

आणि नुसत्या मैदानाने खेळाडू घडतो असंही नाही. सोलापूर जिल्ह्यातली किरण नवगिरे आधी मैदानी खेळांत होती, पुण्यात शिकताना क्रिकेटकडे वळली आणि नागालँडकडून खेळत 2022 मध्ये अरुणाचलविरुद्ध टी-ट्वेंटीत नाबाद 162 धावा ठोकून आली. त्याच वर्षी ती भारताकडून खेळली. या प्रवासात सोलापूरचं मैदान कुठेच येत नाही. मुलींसाठी नेट, प्रशिक्षक, स्थानिक स्पर्धा यांचा मेळ बसला तर पुढच्या किरणला इतका वळसा घ्यावा लागणार नाही.

म्हणून महापालिकेकडे एक मागणी करायला हवी, आणि ती अवघड नाही. दर वर्षी पार्क स्टेडियमचा ताळेबंद नागरिकांसमोर ठेवा. गाळ्यांतून किती आले, देखभालीवर आणि पाण्यावर किती गेले आणि, सर्वांत महत्त्वाचं, गावातल्या शाळा-क्लबांना मैदान किती दिवस आणि किती दराने मिळालं. हे चार आकडे गेटजवळच्या फलकावर लावायला फार खर्च येत नाही.