'अँडर्सन' : लेकीच्या नावातही मुलगाच!

आज एका परदेशी आडनावाची माहिती घेऊ. स्वीडन देशाची लोकसंख्या साधारण एक कोटी. त्यात दोन लाखांहून जास्त माणसांचं आडनाव 'अँडर्सन'. अर्थ सोपा आहे : अँडर्सचा मुलगा.

पूर्वी तिथल्या शेतकरी घरांत कायमचं आडनाव नसायचं. बापाच्या नावाला मुलगा 'सन' जोडायचा आणि मुलगी 'डॉटर', म्हणजे लेक. सख्खी भावंडं, पण तो अँडर्सन आणि ती अँडर्सडॉटर. लग्न झालं तरी तिचं नाव तेच राहायचं.

हळूहळू घराण्याचं एकच आडनाव लावायची पद्धत आली. १९०१ साली तसा नियमही झाला. 'सन' टिकलं, 'डॉटर' मागं पडलं. लेकीसुना स्वतःला 'अँडर्सचा मुलगा' लिहू लागल्या! पुढं १९८२ च्या कायद्यानं आडनाव निवडायचा हक्क नवराबायकोला सारखा दिला. आता तिथं आईच्या नावाला 'डॉटर' जोडूनही आडनाव घेता येतं.

नाव ही आपली ओळख असते, बायांनो. बचत गटाच्या पुढच्या बैठकीला पासबुक आणि आधार कार्ड घेऊन या. आपलं नाव दोन्हींवर सारखं आहे का, ते मिळून बघू.