एकर, गुंठा, फूट

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला. वाकाटकांच्या या जुन्या वत्सगुल्मात कचेऱ्या आल्या, बदलीवरची माणसे आली आणि शहरालगतच्या शेतांचे प्लॉट पडू लागले.

शेतकरी जमीन एकराने विकतो. घर बांधणारा ती फुटाने घेतो. एकर म्हणजे ४० गुंठे, ४३,५६० चौरस फूट. या दोन मापांच्या मधे मंजूर ले-आउट, रस्ते आणि खुली जागा येतात. विकण्याजोगे फूट घटतात, उरलेल्यांचा दर चढतो. स्वस्त प्लॉटमध्ये बहुधा हीच वाट टाळलेली असते. मग आयुष्यभराची पुंजी घालूनही रस्ता, नाली, नळ यांसाठी झगडावे लागते. म्हणून आधी सातबारा आणि मंजूर नकाशा पाहावा. दरवाजा पूर्वेला की उत्तरेला, हे नंतर.