बिस्मथची साक्ष

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एस. रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 2016 मध्ये अतिशुद्ध बिस्मथचा स्फटिक 0.00053 केल्विनला अतिवाहक, म्हणजे रोधाशिवाय वीज वाहणारा, होताना दिसला. या धातूत लाखभर अणूंमागे जेमतेम एक मोकळा इलेक्ट्रॉन असतो. 1957 च्या बार्डीन-कूपर-श्रीफर सिद्धांतानुसार, इलेक्ट्रॉन जाताना भोवतालचे धन आयन किंचित ओढले जातात आणि त्या ओढीमुळे दुसरा इलेक्ट्रॉन त्याच्याशी जोडी बांधतो. पण हा हिशेब इलेक्ट्रॉन आयनांच्या जालकाच्या कंपनांहून फार चपळ आहेत असे धरून केलेला आहे. बिस्मथमध्ये दोघांच्या ऊर्जांत तेवढे अंतरच नाही. म्हणून जालकाचा काही संबंध नाही, असे ठरवणे मात्र घाईचे होईल. बिस्मथचेच एक ऑक्साइड याच्या विरुद्ध साक्ष देते. बेरियम-बिस्मथ ऑक्साइडात प्रत्येक बिस्मथभोवती ऑक्सिजनच्या सहा अणूंचा अष्टफलक असतो आणि हे अष्टफलक एकाआड एक मोठे-लहान होतात. ही विकृती इलेक्ट्रॉनांना जखडून ठेवते, पदार्थ विद्युतरोधक राहतो. बेरियमच्या काही जागी पोटॅशियम घातले की विकृती मावळते आणि सुमारे 30 केल्विनला अतिवाहकता येते. इथे तांबे नाही, चुंबकीय क्रमही नाही.

याहून बऱ्याच वरच्या तापमानाला अतिवाहक होणाऱ्या तांब्याच्या ऑक्साइडांचे काय, हा आक्षेप वजनदार आहे. बेडनॉर्झ आणि म्यूलर यांनी 1986 साली झुरिचजवळ त्यांची अतिवाहकता शोधली ती जालक वाकवणाऱ्या यान-टेलर परिणामाचा माग काढतच. पण 93 केल्विनला अतिवाहक होणाऱ्या इट्रियम-बेरियम-तांबे ऑक्साइडात ऑक्सिजन-16 ऐवजी जड ऑक्सिजन-18 घातला तरी ते तापमान जेमतेम हलते. त्यामुळे जोडी कशाने बांधली जाते हे शोधताना बहुतेक अभ्यासक चुंबकीय बळाकडे वळले. मात्र याच कुळात विद्युतभार वाहणारे कण कमी केले की ऑक्सिजनचा समस्थानिक बदलल्याचा हा परिणाम ठळक होत जातो. आणि बेडनॉर्झ-म्यूलर यांच्या मूळच्या लँथॅनम-बेरियम-तांबे ऑक्साइडात बेरियमचे प्रमाण दर तांब्यामागे एक अष्टमांश झाले की थंडीत अष्टफलक वेगळ्या दिशेने कलतात आणि अतिवाहकता जवळजवळ विझते. तिथे चुंबकीय पट्टेही दिसतात, हे खरे. पण त्यांना जागी खिळवून ठेवायला हा कलच मदत करतो.

जोडी बांधणारे मुख्य बळ चुंबकीय असेलही. पण ती जोडी किती तापमानापर्यंत टिकेल, यात जालकाचा वाटा आहे. जालक ही निश्चल चौकट मानणाऱ्या सिद्धांतांनी आधी समस्थानिकाच्या आणि एक अष्टमांश बेरियमच्या या दोन मोजमापांचे उत्तर दिले पाहिजे.