डिस्प्ले गेला की सेन्सर झाकला?

कॉल कट करायचा आहे, पण स्क्रीन काळीच. असा फोन घेऊन दुकानात गेलं की 'डिस्प्ले गेला' हे निदान पटकन ऐकायला मिळतं. पुष्कळदा डिस्प्ले ठणठणीत असतो. फोनला अजूनही आपला गाल समोर आहे असं वाटत असतं.

फोन कानाला लावला की त्वचेची ऊब ओळखून स्क्रीन मिटते, हा यातला सर्वांत पक्का गैरसमज. ऊब, त्वचा, स्पर्श यांचा इथे काही संबंध नाही. इअरपीसजवळचा प्रॉक्सिमिटी सेन्सर टीव्हीच्या रिमोटसारखेच अदृश्य अवरक्त किरण सोडतो आणि समोरून किती प्रकाश परत आला ते मोजतो. जास्त परतला, तर काहीतरी जवळ आहे. कॉल चालू असताना त्यावर कोरा कागद धरून पाहा, स्क्रीन मिटेल. उलट काळे केस हे किरण बरेचसे गिळतात, म्हणून त्यांच्यापुढे सेन्सर चुकू शकतो.

आता स्क्रीन गार्डचं. त्याचं भोक जरा सरकलं, खाली धूळ किंवा हवेचा बुडबुडा राहिला, तर किरण तिथूनच माघारी फिरतात. डिस्प्ले बदलायला पैसे मोजण्याआधी गार्ड काढून काच पुसून पाहावी. दोष दर वेळी गार्डचाच असतो असंही नाही. २०१० साली आयफोन ४ वर बोलता बोलता गालानेच बटणं दाबली जात. ॲपलने त्यावर सॉफ्टवेअरमधून दुरुस्ती दिली, आयओएस ४.१ मध्ये.

हा सेन्सर म्हणजे छुपा कॅमेरा, अशीही भीती असते. तो चित्र घेतच नाही. अनेक फोनांत तर तो अंतरही सांगत नाही, फक्त 'जवळ' किंवा 'लांब' एवढंच कळवतो. किरणांची धास्तीही नको. रिमोटला आपण घाबरत नाही. आणि उन्हात स्क्रीन उजळते ती दुसऱ्या, प्रकाश मोजणाऱ्या सेन्सरमुळे, मग दोघे एकाच चिपमध्ये का असेनात.

प्रत्येक फोनमध्ये हा अवरक्त सेन्सर असतोच असंही नाही. २०१६ च्या शाओमी मी मिक्सने तो काढून अल्ट्रासाउंड वापरलं: ऐकू न येणारा आवाज सोडायचा आणि त्याचा प्रतिध्वनी माइकने टिपायचा. कडा बारीक करण्याची हौस यातून भागते, पण माझ्या मते साधा सेन्सरच जास्त भरवशाचा. अल्ट्रासाउंडवाल्या फोनची स्क्रीन अडली, तर इअरपीसची जाळी आणि माइकचं भोक आधी साफ करून पाहावं.