शेतीच्या पाठीमागचं रान

श्रावणात गंगाखेड-पालमकडच्या रानात खुरपायला गेलेली बाई संध्याकाळी घरी येते, तेव्हा तिच्या ओच्यात घोळ, तांदुळजा, कुरडूची कोवळी पानं असतात. शेतात पेरलेलं असतं सोयाबीन, तूर, कापूस; ही भाजी कोणीच पेरलेली नसते. तण म्हणून काय उपटायचं आणि भाजी म्हणून काय खुडायचं, हे तिला आईनं शिकवलेलं असतं. करटुल्याचा वेल कोणत्या बांधावर उगवतो, पहिल्या पावसानंतर तरोटा किती दिवस कोवळा राहतो, हे तिला तोंडपाठ असतं. माणूस शिकार आणि कंदमुळं सोडून शेतीकडे वळला, असं शाळेच्या पुस्तकात वाचलेलं असतं. परभणी जिल्ह्यात फिरताना ते वळणं एवढं सरळ झालं असेल, असं वाटत नाही.

ते कसं झालं याचा महाराष्ट्रातला सर्वांत बोलका पुरावा गोदावरी आणि भीमेच्या खोऱ्यांत सापडला. प्रवरेकाठचं जोर्वे आणि दायमाबाद, त्याच नदीवर नेवासे, आणि पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीवरचं इनामगाव. प्रवरेचं पाणी पुढे गोदावरीला मिळतं आणि पैठणवरून पाथरी, सोनपेठ, गंगाखेडच्या शिवारात येतं. इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी यांनी तिथं एक अख्खं गाव उघडं केलं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० असा त्याचा काळ. मातीच्या बुटक्या भिंतींची चौकोनी घरं, धान्य ठेवायचे खड्डे, कणग्यांसाठी केलेले गोल ओटे, पाण्याचा पाट आणि बांध. मुख्य पीक सातूचं, म्हणजे जवाचं. जोडीला गहू, मसूर, वाटाणा. सातू आज मराठवाड्यात फारसा कोणी पेरत नाही, पण तीन हजार वर्षांपूर्वीची चूल त्याच्यावर पेटत होती.

धान्य आलं की ते साठवावं लागतं, आणि साठवलं की राखावं लागतं. शिकारी माणसाला उद्याची चिंता नव्हती असं नाही, पण त्याला कोठाराची चिंता नव्हती. इनामगावच्या मधल्या काळात पाच खोल्यांचं एक मोठं घर आहे आणि त्याच्या शेजारी धान्याचं कोठार. उत्खनन करणाऱ्यांनी ते गावच्या प्रमुखाचं मानलं. मला हे पटतं. ज्याच्या हाती कोठार, त्याच्या हाती गाव, हे मराठवाड्यातल्या पेवांनी आणि वाड्यांतल्या बळदांनी अगदी अलीकडपर्यंत दाखवलेलं आहे.

घर एका जागी रुतलं, तसे मेलेलेही एका जागी राहिले. इनामगावात मूल गेलं की दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत आणि घरातल्याच जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसांना पुरताना बरेचदा घोट्याखालचे पाय तोडलेले आढळतात. मेलेला माणूस घर सोडून जाऊ नये म्हणून असावं, असा एक तर्क आहे. सतत मुक्काम हलवणाऱ्या लोकांना असं काही करायची गरजच पडली नसती. पुरलेल्यांत लहान मुलांची संख्या फार मोठी आहे. फिरत्या जीवनात आईला दुसरं मूल तीन-चार वर्षांनी होई, कारण एक कडेवर असताना दुसरं पेलत नसे, आणि अंगावर पाजणंही लांबे. धान्याची पेज आली तसं दूध लवकर तुटलं आणि पाळणे जवळ जवळ हलू लागले. मुलं जास्त झाली, आणि जास्त गेलीही.

बाईच्या अंगावर शेतीनं सर्वांत मोठं ओझं टाकलं ते दळणाचं. सीरियात अबू हुरेरा नावाचं फार जुनं शेतकरी गाव आहे. तिथल्या सांगाड्यांचा अभ्यास थिया मॉलेसन या संशोधक बाईंनी केला. बायकांच्या पायाची बोटं वाकलेली, गुडघे आणि कंबर झिजलेली. गुडघ्यांवर बसून, बोटं जमिनीला टेकवून दगडावर दगड पुढे-मागे रेटायचा, आणि हे रोज तासन्‌तास. रिचर्ड ली यांनी १९६४ मध्ये कलहारीतल्या शिकारी लोकांचं काम मोजलं, तेव्हा अन्न मिळवण्यात माणशी आठवड्यातले साधारण अडीच दिवस जात होते. त्यात घरी आणल्यावरचं कुटणं-फोडणं धरलं नव्हतं, हा आक्षेप रास्त आहे. तरी जात्यामागं बसलेल्या बाईला अडीच दिवसांचा हिशेब सांगितला असता, तर तिला तो खरा वाटला नसता. गोल फिरणारं जातं महाराष्ट्रात सातवाहनांच्या काळात रुळलं. पाठ थोडी सरळ झाली, पण पहाटेची झोप गेली ती गेलीच. संत जनाबाई आपल्या गंगाखेडच्या. दळायला विठ्ठल हात लावतो, ही तिची कथा वारकरी भक्तीनं सांगतात. मला त्या भक्तीखाली काळोखातली एकटी बाई आणि संपता न संपणारं पायलीभर धान्यही दिसतं. गिरणी गावात आली तेव्हाच हे काम सुटलं, आणि त्याला अजून फार पिढ्या झालेल्या नाहीत.

आता या गोष्टीतला सगळ्यांत महत्त्वाचा भाग. इसवी सनापूर्वी १००० च्या पुढे इनामगावात चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या येतात. पिकं घटतात आणि हरणांसारख्या रानटी जनावरांची हाडं वाढतात. ढवळीकरांनी त्याचं कारण पाऊस घटण्यात शोधलं. शेती साथ देईना, म्हणून लोक शेळ्या-मेंढ्या आणि शिकारीकडे वळले, अर्धे भटके झाले, असं त्यांचं म्हणणं. अमेरिकन संशोधक ग्वेन रॉबिन्स शूग यांनी पुढे त्या मुलांची हाडं तपासली. शेवटच्या काळातल्या मुलांची वाढ खुंटलेली होती. हवामानाबद्दल त्यांचं मत ढवळीकरांपेक्षा वेगळं आहे. पण त्या काळात गावावर मोठी ओढ आली होती, याबद्दल शंका उरत नाही. म्हणजे शेतीत शिरलेली माणसं शेतीतून बाहेरही पडली, आणि त्यांना तसं पडता आलं, कारण शिवारापलीकडे रान शिल्लक होतं.

ते रान शिल्लक राहिलं याचं एक कारण जमिनीत आहे. परभणीची जमीन भारी, काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात, वरची माती त्यांत ओघळते, आणि पाऊस पडला की सगळं फुगून चिखल होतो. लाकडी अवजारानं असं रान वाहणं अवघड. लोखंड आल्यावरच दख्खनची काळी जमीन मोठ्या प्रमाणावर लागवडीखाली आली, असं अभ्यासक मानतात. तोवर शेती नदीकाठच्या गाळाच्या पट्ट्यांत होती आणि मधल्या विस्तारात गवत, बाभळी, हरणं.

हे रान पुढेही शेतीच्या पाठीशी राहिलं. बहात्तरच्या दुष्काळाबद्दल म्हाताऱ्या माणसांना विचारा. खडी फोडायची कामं, अमेरिकेतून आलेली लाल मिलो आणि सुकडी यांच्या आठवणींत तरोट्याची भाजी हटकून येते. योगायोग असा की त्याच १९७२ साली परभणीत कृषी विद्यापीठ उभं राहिलं. ‘परभणी मोती’सारखी रब्बी ज्वारी त्यानं दिली, आणि कोरडवाहू शेतकऱ्याला त्याचा खरा आधार झाला. पण पीक वाढत गेलं तसं पडीक रान संपत आलं. तणनाशक मारलेल्या सोयाबीनमध्ये घोळ आणि तांदुळजा जळून जातात; अशा रानातून बाई ओचा रिकामा घेऊन येते.

एक कायदाही १९७२ चाच, वन्यजीव संरक्षणाचा. तो हवाच होता. पण ज्यांचं पोट शिकारीवर होतं, त्या फासेपारध्यांसाठी त्यानं रान बंद होत गेलं. फाशांत तितर, लावे, ससे धरणारी ही माणसं शेतीबाहेरची नव्हती. उभ्या पिकाची राखण करायला शेतकरी त्यांनाच ठेवत. आज रोही आणि रानडुकरं पीक खाऊन जातात, तेव्हा तोच शेतकरी रात्रभर आखाड्यावर जागतो. ब्रिटिश मुलखात १८७१ च्या कायद्यानं काही जमातींच्या कपाळी गुन्हेगारीचा शिक्का मारला. पुढे पारधीही त्यात सापडले. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. शिक्का मात्र गेला नाही, आणि निजामाच्या राज्यात राहिलेल्या मराठवाड्यातही तो पारध्यांना भोवतोच आहे.

शिकार गेली, तर शेती हाती यायला हवी होती. जमीन होती ती फक्त गायरानाची. मराठवाड्यात एकनाथ आवाडांनी दलित आणि पारधी भूमिहीनांना गायरानं कसायला उभं केलं. मार खाऊन, खटले अंगावर घेऊन लोकांनी ती वाहिली. १९९१ च्या शासन निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणं नियमित करायचं ठरवलं. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये गावांच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं काढायचा आदेश दिला, तेव्हाही सरकारी अधिसूचनेनं पट्टा मिळालेल्या भूमिहीनांना आणि अनुसूचित जाती-जमातींना अपवाद म्हणून वाव ठेवला. पण त्यासाठी हातात कागद लागतो, आणि तीस-तीस वर्षं कसूनही अनेकांना तो मिळालेला नाही. त्यांच्या रानात ज्वारी आणि तूर उभी असते, सातबाऱ्यावर नाव सरकारचं. तो कागद या लोकांना मिळायलाच हवा, कारण इनामगावच्या माणसांसारखं मागे फिरायला त्यांना आता रान उरलेलं नाही.